पहिली पेज आणि बाळाचे बदलते पोट

बाळाला पहिल्यांदा अन्न भरवण्याच्या विधीला आपण उष्टावण म्हणतो. उष्टे म्हणजे तोंडची लाळ लागलेले. ज्यांनी हे नाव रूढ केले त्यांना लाळेचे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण धान्याचे पचन पोटात नव्हे तर लाळेतच सुरू होते, हे पाहता नाव अगदी चपखल बसले आहे. सोलापुरात हा पहिला घास बहुधा तांदळाच्या खिरीचा किंवा मऊ भाताचा असतो आणि पुढच्या काही दिवसांत त्याच्या जोडीला ज्वारीच्या पिठाची पेज येते. मग आठवड्याभरातच घरात चर्चा सुरू होते. बाळाची शी घट्ट झाली, तिला वास येऊ लागला, रंग बदलला, दोन दिवस झालीच नाही; आजी म्हणते ज्वारी बाधली, शेजारीण म्हणते भात थंड पडला, आणि सुरू केलेली पेज बंद होते.

यातले बहुतेक बदल पचनसंस्था आपले काम करत असल्याची खूण आहेत. खरी काळजी करावी अशी गोष्ट वेगळीच असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिच्याविषयी पुढे येईलच.

सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या पोटात एकच अन्न जात असते. आईच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि ती पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ जन्मतःच पुरेसे असते. धान्याची गोष्ट निराळी आहे. तांदूळ, ज्वारी, गहू यांचा मुख्य घटक असलेले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी असते आणि ती तोडण्यासाठी अमायलेज नावाचे विकर लागते. मोठ्या माणसात हे काम प्रामुख्याने स्वादुपिंड करते; पण बाळाच्या स्वादुपिंडातून पहिल्या काही महिन्यांत अमायलेज जवळजवळ येतच नाही, सहा महिन्यांच्या सुमारास ते हळूहळू वाढू लागते आणि मोठ्यांच्या पातळीला पोचण्यास त्यानंतरही बराच काळ जातो.

तरीही सहा महिन्यांचे बाळ पेज पचवते, कारण निसर्गाने या कामाला तीन मदतनीस दिलेले आहेत. पहिली त्याची स्वतःची लाळ, जिच्यातले अमायलेज पहिल्या काही महिन्यांतच भराभर वाढते. दुसरे आईचे दूध, ज्यात अमायलेज असते आणि जे बाळाच्या सौम्य आम्लाच्या जठरातून बऱ्याच अंशी शाबूत राहून लहान आतड्यात पोचते; म्हणून पेज सुरू झाली तरी अंगावरचे दूध चालूच ठेवण्याला पोषणाखेरीज पचनाचेही कारण आहे. तिसरे लहान आतड्याच्या अस्तरातले एक विकर, जे पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सुटे करते. लाळेचा प्रताप तर कोणालाही घरी पाहता येतो. बाळाला भरवता भरवता वाटीत उरलेली पेज पाव तासाने पाहिली, तर ती आधीपेक्षा पातळ, पाणीदार झालेली दिसते. चमच्यावरून वाटीत गेलेल्या लाळेने तिच्यातले पिष्ट तोडायला सुरुवात केलेली असते. (अर्थात अशी उष्टी पेज पुढच्या वेळेसाठी ठेवू नये, कारण लाळेबरोबर जंतूही गेलेले असतात.)

जे पिष्ट लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात जाते, आणि शीच्या बदलांचा उगम तिथे आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मोठ्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंचे राज्य असते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण असते ते काही जटिल शर्करांचे, ज्या बाळाला मुळीच पचत नाहीत. त्या या जिवाणूंसाठीच असतात, असे म्हटले तरी चालेल. हे जिवाणू आम्ल तयार करतात, म्हणून त्या वयातली शी पिवळी, मोहरीच्या कालवणासारखी, किंचित आंबूस पण दुर्गंध नसलेली असते. धान्य, डाळ, भाजी येऊ लागली की न पचलेले पिष्ट आणि तंतू यांवर जगणारे इतर जिवाणू तिथे वस्तीला येतात. ते पिष्टापासून लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात, ज्यांचा उपयोग आतड्याच्या पेशींना इंधनासारखा होतो आणि शरीरालाही थोडी ऊर्जा मिळते. त्याचबरोबर वायू तयार होतो, म्हणून पोट थोडे गुडगुडते. प्रथिनांचे अवशेष कुजवणारे जिवाणू वास आणतात. पित्तातल्या बिलिरुबिनचे तपकिरी रंगद्रव्यात रूपांतर करणारे जिवाणूही आता वाढतात, त्यामुळे पिवळा रंग जाऊन तपकिरी येतो.

काही दृश्ये उगाच घाबरवतात. केळे खाल्ल्यानंतर शीमध्ये काळसर, दोऱ्यासारखे तंतू दिसतात आणि ते जंत वाटतात. ते केळ्याचेच असतात. गाजराचा तुकडा जसाच्या तसा बाहेर येतो, बीट लाल रंग देते, लोहाचे थेंब सुरू असतील तर शी काळपट होते. धान्य सुरू झाल्यावर एक-दोन दिवस शी न होणे हेही, ती झाल्यावर मऊ असेल आणि बाळ खेळकर असेल, तर बद्धकोष्ठ मानायचे कारण नाही. मात्र शी खड्यांसारखी कडक असेल, तर जेवणाबरोबर वाटीने दोन-चार घोट पाणी, पेजेत थोडे तूप आणि शिजवून गाळलेली भाजी किंवा फळ एवढ्याने बहुधा भागते.

पाण्याचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर चढला की सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही चमच्याने पाणी पाजण्याचा मोह होतो. पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि बाळाला वारंवार अंगावर घेतले तर उन्हाळ्यातही वेगळ्या पाण्याची गरज पडत नाही. सहा महिन्यांनंतर पाणी द्यायचे ते उकळून गार केलेलेच. शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि पिंपांत, टाक्यांत ते साठवून वापरावे लागते. साठवलेल्या पाण्यात हात किंवा तांब्या बुडाला की जंतू शिरतात. सहा महिने ते एक वर्ष या वयात जुलाबांचे प्रमाण सर्वाधिक का असते, याचे उत्तर अनेकदा धान्यात नसून धान्याबरोबर आलेल्या पाण्यात, वाटीत आणि न धुतलेल्या हातांत असते. बाटलीचे बूच स्वच्छ ठेवणे अवघड, म्हणून वाटी-चमचाच बरा. ज्वारीने जुलाब झाले असे म्हणण्यापूर्वी पाणी कुठून आले, याचा विचार करावा.

आता त्या दुर्लक्षित गोष्टीकडे. सोलापूरकर घरातली पेज बहुधा फार पातळ असते. ‘हलके अन्न’ म्हणून भाताची निवळ, वरणाचे वरचे पाणी, ज्वारीच्या पिठाचे दुधाळ पाणी बाळाला दिले जाते. सात किलोच्या बाळाच्या जठरात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे एक वाटीभर मावते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६५ किलोकॅलरी असतात. १०० मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर पीठ घालून केलेल्या पेजेत अवघ्या १७-१८. बाळाने ती वाटी संपवली तर आईला समाधान वाटते. प्रत्यक्षात दुधाची जागा पाण्याने घेतलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० किलोकॅलरी बाहेरच्या अन्नातून हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ५५०. पेज चमचा तिरका केल्यावर झरझर वाहू नये, इतकी घट्ट हवी. तुपाचा एक चमचा त्यात सुमारे ४५ किलोकॅलरी भर घालतो.

पीठ वाढवले की दुसरी अडचण उभी राहते. शिजताना पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि पेजेची खळ होते, जी बाळाला गिळवत नाही. इथे मोड आणलेल्या धान्याचे सत्त्व कामी येते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज तयार होते. घट्ट शिजलेली पेज कोमट झाल्यावर तिच्यात चिमूटभर सत्त्व ढवळले की काही मिनिटांत ती सैल होते, पीठ तेवढेच राहून, आणि मग पुन्हा एक उकळी द्यायची. मोडांमुळे लोह अडवून धरणारे फायटेटही कमी होते. एक सावधगिरी मात्र हवी. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच सायनाइड सोडणाऱ्या द्रव्याचा साठा ज्वारीच्या कोंबांतही होतो. म्हणून सत्त्वासाठी नाचणी किंवा गहू घ्यावा आणि ज्वारी बिनमोडाचीच, भाजून दळून वापरावी.

ज्वारीला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची भाकरी या जिल्ह्याच्या ताटाचा कणा आहे. तिचा एक स्वभाव तेवढा ठाऊक असावा. ज्वारीची प्रथिने पाण्यात शिजवल्यावर एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पचायला कच्च्यापेक्षा अवघड होतात. आंबवल्याने ही पकड सैल होते, म्हणजे आंबिलीची जुनी रीत पचनाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. बाळासाठी सोपा मार्ग म्हणजे ज्वारीच्या पेजेत शिजवून घोटलेली मूगडाळ घालणे. डाळीत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि ज्वारीत नेमके तेच कमी असते. लोहाचा विचार करता डाळीबरोबर लिंबाचे दोन थेंब, आणि घरात चालत असेल तर अंडे किंवा मांस घोटून द्यावे. बाळाचा जन्मजात लोहसाठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि दुधात लोह फार थोडे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्यामागे जी कारणे आहेत त्यांत पातळ, एकसुरी पेज निश्चितच एक आहे.

शेंगांच्या चटणीच्या गावात शेंगदाण्याचा प्रश्न येणारच. ॲलर्जीच्या भीतीने तो पहिली काही वर्षे टाळावा, असा सल्ला पूर्वी दिला जाई. २०१५ मध्ये लंडनमधल्या ६४० बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, म्हणजे शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका मुळातच अधिक होता. तरी लहानपणीच नियमित शेंगदाणा खाल्लेल्यांत ती ॲलर्जी, तो टाळलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. त्यामुळे भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट, तिखट-मीठ न घालता, पेजेत मिसळण्यास हरकत नाही; अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो नको. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मीठ आणि साखर वर्षभर घालूच नये. मधही वर्षभर वर्ज्य, कारण त्यात कधी कधी असणारी बोट्युलिझमची बीजुके मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत, तिथली जिवाणूंची दाट वस्ती त्यांना जागा देत नाही. बाळाच्या विरळ वस्तीत ती रुजतात आणि विष तयार करतात. त्या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठ असते.

डॉक्टरांकडे लगेच न्यावे अशी लक्षणे थोडी आहेत. पांढरट, मातकट रंगाची शी पित्त आतड्यात येत नसल्याचे सांगते. डांबरासारखी काळी किंवा रक्तमिश्रित शी, हिरवी उलटी हीही तशीच लक्षणे. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडत असेल तर आतड्यात आतडे अडकल्याची शंका घ्यावी लागते. हा विकार याच वयात अधिक दिसतो. साध्या जुलाबांत मात्र पेज आणि दूध बंद करू नये. जलसंजीवनी (ओआरएस) आणि डॉक्टरांनी सांगितलेले झिंक द्यावे आणि भरवत राहावे, कारण उपाशी आतड्याचे अस्तर उशिरा भरून येते.

नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत अमायलेज वाढलेले असते, जिवाणूंची नवी वस्ती स्थिरावत असते आणि बाळ हिरड्यांनी चावू लागते. तेव्हा पेजेची जागा वरणात कुस्करलेल्या मऊ भाकरीने घ्यावी.