ताफा मोजणारे: स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मोबाइलपर्यंत

२६ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने एक सूचना काढली: संरक्षण दलांच्या कारवायांचं आणि हालचालींचं थेट चित्रण दाखवू नका. सूचना वाहिन्यांपुरती नव्हती, मोबाइलवरून व्हिडिओ टाकणाऱ्यांनाही होती. कारगिल, कंदाहारचं विमान अपहरण आणि २६/११ या तिन्ही प्रसंगांचा तिच्यात उल्लेख होता.

नागपूरकरांना लष्करी गाड्यांचं तसं अप्रूप नाही. श्रीनगर–कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि सुरत–पारादीप हा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. कामठीची छावणी १८२१ पासूनची. हिरवे ट्रक दिसले की पोरं हात हलवतात आणि मोठी माणसं नंबर प्लेटकडे बघतात, कारण ती वेगळीच असते: आधी वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग वाहनाच्या वर्गाचं अक्षर, क्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर. एमएच-३१, एमएच-४९ या नागपूरच्या नेहमीच्या क्रमांकांचा इथे संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळी होते.

अशा गाड्या नुसत्या बघणं वेगळं. त्या मोजून कुणाला तरी कळवणं हा मात्र शंभर वर्षांहून जुना उद्योग आहे, आणि तो रस्त्यावर नव्हे, रेल्वे रुळांकडेला वाढला. पहिल्या महायुद्धात जर्मनव्याप्त बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये ‘ला दाम ब्लांश’ नावाचं गुप्त जाळं होतं. लिएजचे टेलिफोन अभियंता वाल्थेर देवे त्याचे एक संस्थापक. एक डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांची मोठी तुकडी, हलवायची तर कित्येक डझन आगगाड्या लागत, म्हणून रुळांजवळच्या घरातून डबे मोजले की सैन्य कुठल्या आघाडीकडे सरकतंय ते कळे. फ्रान्समधल्या फुर्मी गावातल्या एका घरात शाळकरी वयाच्या मुलीसुद्धा पाळीने खिडकीशी बसत. टिपणात सैनिकांसाठी घेवडा, घोड्यांसाठी चिकोरी आणि तोफांसाठी कॉफी. वाचणाऱ्याला ती वाणसामानाची यादीच वाटावी. कागद केरसुणीच्या पोकळ दांड्यात लपवत. चोवीस तास नजर ठेवायची म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, अख्खं घर त्यात असे. आणि पकडले गेल्यास शिक्षा मृत्यूची.

नोंद कशी करायची याचे ठोकताळे तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. किती, काय करताहेत, कुठे, कोण, केव्हा, सोबत काय: सैन्यात शिकवतात ती ही सहा उत्तरं. यातलं ‘किती’ सगळ्यात सोपं वाटतं आणि चुका तिथेच जास्त होतात. साधा हिशेब करू. ३० ट्रक, प्रत्येक सुमारे १० मीटर लांब, दोन ट्रकांमध्ये १०० मीटर अंतर, म्हणजे ताफा झाला ३.२ किलोमीटरचा. ताशी ४० च्या वेगाने तो एका ठिकाणाहून जायला जवळपास पाच मिनिटं घेतो. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला उठून गेला तर त्याच्या हिशेबी ट्रक अठराच. तोच ताफा दहा किलोमीटर पुढे दुसऱ्याने पूर्ण मोजला की झाले ४८, आणि ‘दोन ताफे गेले’ ही अफवा तयार. नाटो देशांत पहिल्या गाडीवर निळा आणि शेवटच्या गाडीवर हिरवा झेंडा असतो. हिरवा दिसला नसेल तर मोजणी अर्धवट समजायची. रात्री दिव्यांच्या जोड्या मोजणाऱ्याच्या आकड्यात मधे घुसलेल्या खासगी गाड्याही येतात. दिशेचा घोळ तर नेहमीचा: ‘जबलपूरचे ट्रक’ म्हणजे जबलपूरहून आलेले की तिकडे निघालेले? शिवाय पवनचक्कीचं पातं किंवा ट्रान्सफॉर्मर नेणारा, ताडपत्री घातलेला बहुचाकी ट्रेलर बघून ‘मिसाइल चाललंय’ म्हणणारे सगळीकडेच भेटतात.

या कामाला उघड, राजकीय वळण लागलं ते १९८० च्या दशकात. ब्रिटनच्या ग्रीनहॅम कॉमन तळावर नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं आली. ती ट्रकांवर होती. युद्धाची वेळ आली की तळाबाहेर पडून ग्रामीण भागात विरून जायचं, अशी योजना. एका तुकडीत २२ वाहनं: चार प्रक्षेपक, दोन नियंत्रण कक्ष, बाकीची मदतीची, क्षेपणास्त्रं १६. मार्च १९८४ पासून हे ताफे रात्री सरावासाठी निघू लागले आणि ‘क्रूझवॉच’ या अण्वस्त्रविरोधी गटाचे लोक फाटकापासून मागे लागले. पद्धत टेलिफोन साखळीची: एकाने ठरलेल्या दोघातिघांना फोन करायचा, त्यांनी पुढच्यांना. हिची खोड अशी, की एक जण घरी नसला तर त्याच्याखालची सगळी फांदी वाळते, म्हणून शेवटच्याने पहिल्याला उलट फोन करायचा हा शहाणपणाचा नियम. खेडोपाडी बावीस अजस्र वाहनं कुणाला न दिसता जातील, हा दावा या लोकांनी खोटा पाडला. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा अमेरिका आणि सोव्हिएत संघातला १९८७ चा आयएनएफ करार झाला आणि मार्च १९९१ मध्ये शेवटची क्षेपणास्त्रं तिथून गेली. त्याचं सगळं श्रेय पाठलाग करणाऱ्यांना देणं भाबडेपणाचं ठरेल, पण लपण्याची योजना उघडी पडली हे खरं.

अमेरिकेत याच काळात टेक्सासच्या पँटेक्स कारखान्यातून वॉशिंग्टन राज्यातल्या बँगोर पाणबुडी तळाकडे अण्वस्त्रं नेणारी पांढरी आगगाडी लोकांनी हेरली. रुळांकडेला प्रार्थना आणि निदर्शनं सुरू झाल्यावर सरकारने डब्यांना वेगळे रंग दिले. तरी गाडी ओळखू येईच. अखेर रेल्वे सोडून ट्रक वापरात आले. ब्रिटनमध्ये बर्गफील्डचा अण्वस्त्र कारखाना ते स्कॉटलंडमधलं कूलपोर्टचं कोठार, अशा अण्वस्त्रं नेणाऱ्या ट्रकांच्या सुमारे ७०० किलोमीटरच्या प्रवासावर स्वयंसेवक अजून नजर ठेवतात. त्यांचा मुद्दा अपघाताचा. जानेवारी १९८७ मध्ये विल्टशायरमधल्या वेस्ट डीनजवळ असा एक ट्रक बर्फावरून घसरून रस्त्याबाहेर गेला होता.

आपल्याकडे परंपरा उलट दिशेची: पाहायचं ते शत्रूला आणि सांगायचं आपल्या सैन्याला. मे १९९९ मध्ये हरवलेला याक शोधताना कारगिल भागातल्या गरखोन गावच्या ताशी नामग्याल यांना डोंगरावर अनोळखी माणसं दिसली आणि त्यांनी थेट लष्कराला कळवलं. नागपुरात तर १९५७ मध्ये नागरी संरक्षणाशी जोडलेली संस्थाच निघाली. केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९६८ मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. नागरी संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. अफवा आणि खबर यांत फरक करायला शिकवणं हे या शिक्षणातलं, आमच्या मते, सगळ्यात कमी लेखलं गेलेलं काम.

विदर्भात याची काळी बाजूही आहे. गडचिरोलीत पोलिसांच्या गाड्या कधी, किती, कुठल्या रस्त्याने निघाल्या हे माओवाद्यांना गावांतून कळे, आणि पोलिसांना कळवल्याच्या संशयावरून गावकऱ्यांचे खून पडत. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान आणि खासगी गाडीचा चालक मारला गेला. अशा रस्त्यांवर गाडीआधी पायी तुकडी पाठवून मार्ग तपासतात तो याचसाठी. एकदा गाडीत बसलं की ठरलेल्या रस्त्यावरून ठरलेल्या वेळी जाणं भाग पडतं.

मोबाइलने टेलिफोन साखळीची गरजच संपवली. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशियाचं एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ जण गेले. त्या दिवशी लाल लो-बेड ट्रेलरवरून चाललेल्या ‘बुक’ या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपकाचे फोटो आणि व्हिडिओ रहिवाशांनी काढले होते. बाजूच्या पत्र्याचे पोचे आणि अर्धवट पुसलेला क्रमांक जून महिन्यातल्या रशियन ताफ्याच्या व्हिडिओंशी जुळवून आंतरराष्ट्रीय तपास पथकाने २०१८ मध्ये जाहीर केलं, की तो कुर्स्कच्या ५३ व्या हवाई संरक्षण ब्रिगेडचा होता. २०२२ मध्ये युक्रेन सरकारने शत्रूच्या गाड्या कळवायला ‘ये-वोरोग’ हा चॅटबॉट काढला. ओळख पटवूनच आत जाता येतं, म्हणजे खोट्या खबरींचा मारा होत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतःच्या सैन्याच्या हालचाली प्रसिद्ध करणं तिथे गुन्हा ठरलं.

भारतात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू आहे. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने, शत्रूला उपयोगी पडेल असं टिपण, नकाशा किंवा माहिती गोळा केली वा पुढे दिली तर कलम ३ लागतं. विषय लष्करी असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत. फोटोत ठिकाणाची नोंद बंद केली की झालं, असं समजणाऱ्यांनी कामठी रोडच्या डबल डेकर पुलाखाली उभं राहून एक फोटो काढून बघावा. मेट्रोच्या खांबावरचा क्रमांक, दुकानाची पाटी आणि सावलीची लांबी एवढ्यावर जागा आणि वेळ दोन्ही काढता येतात. संशयास्पद काही दिसलंच तर ११२ वर फोन करायचा. गाडीचा रंग, नंबर, जाण्याची दिशा आणि घड्याळातली नेमकी वेळ सांगायची, ‘आत्ताच गेली’ म्हणायचं नाही, आणि तेच ग्रुपवर टाकायचं नाही.