लॅब टेक्निशियन आणि नर्सिंगचा प्रवेश: आधी नोंदणी कुठे होणार ते बघा

बारावीचा निकाल लागला की एकच प्रश्न सारखा कानावर येतो. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करू की बी.एस्सी. नर्सिंग? कुठलं कॉलेज चांगलं, फी किती, होस्टेल आहे का, हे सगळं विचारून होतं. विचारायचा राहतो तो प्रश्न वेगळाच असतो: शिक्षण संपल्यावर माझं नाव कुठल्या परिषदेच्या रजिस्टरमध्ये लागणार? प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी याचं उत्तर हातात हवं. रुग्णाला सुई टोचण्याचा आणि त्याचं रक्त तपासण्याचा हक्क पदवीच्या कागदासोबत त्या नोंदणीतून येतो.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने घरबसल्या चालणारा डीएमएलटी केला. वर्ग नाहीत, प्रात्यक्षिकं नाहीत, परीक्षेला तेवढं जायचं. वडिलांनी शेतीच्या पैशातून दोन वर्षांची फी भरली. नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा कळलं, हा अभ्यासक्रम मान्यच नाही. संस्थेने फोन उचलणं बंद केलं होतं. तिची दोन वर्षं गेली ती गेलीच. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी उलट्या बाजूने सांगते: आधी नोंदणी, मग अभ्यासक्रम, मग कॉलेज, आणि शेवटी कागदपत्रं.

लॅब टेक्निशियनसाठी महाराष्ट्रात महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे. तिचा कायदा २०११ चा. देशपातळीवर २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या व्यावसायिकांचा गट आहे. या कायद्याने शिक्षणाचे किमान तास ठरवून दिलेत: संलग्न (निदान-उपचारात तांत्रिक मदत करणाऱ्या) व्यावसायिकासाठी २००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३६०० तास. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन 'लॅब टेक्निशियन व्हा' अशी जाहिरात दिसली की हे आकडे आठवा. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. त्यामुळे 'घरबसल्या डीएमएलटी' असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

मार्ग मुख्यतः तीन. बारावी विज्ञान करून दोन वर्षांचा डीएमएलटी, हा पहिला. विज्ञान शाखेची पदवी घेऊन त्यावर डीएमएलटी, हा दुसरा. सरकारी भरतीच्या जाहिरातींत अनेकदा विज्ञानाची पदवी आणि त्यावर डीएमएलटी अशीच मागणी असते. म्हणून ज्यांना जिल्हा रुग्णालय किंवा ग्रामीण रुग्णालयातली जागा हवी आहे, त्यांनी जुन्या दोन-चार जाहिराती काढून पात्रतेचा रकाना आत्ताच वाचावा. तिसरा मार्ग पदवीचा: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी), म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यात लॅब टेक्निशियन ही एक शाखा. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. हे प्रवेश आजवर बारावीच्या गुणांवर होत आलेत. राष्ट्रीय आयोगामुळे नियम बदलत आहेत, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगते. डीएमएलटी झाला म्हणजे मुलगा स्वतःच्या सहीने रिपोर्ट देऊ शकेल, असं नाही. पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच लॅब रिपोर्टवर सही करायची, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केलं आहे. 'स्वतःची लॅब टाका' असं म्हणत फी मागणाऱ्यांना हे विचारून बघा.

नर्सिंगचं चित्र जास्त सरळ आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे आठ सेमिस्टरचं. पात्रता: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण, बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. तिन्ही विज्ञान विषयांत मिळून ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के. आधी नीटच्या गुणांवर प्रवेश व्हायचे, आता राज्य सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. ९० मिनिटांत १०० प्रश्न: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभियोग्यता, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. ज्यांनी बारावी विज्ञान केलेलं नाही त्यांच्यासाठी तीन वर्षांचा जीएनएम (नर्सिंग आणि मिडवायफरी म्हणजे प्रसूतिसेवेचा डिप्लोमा) खुला आहे. तो करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. हा लांबचा रस्ता वाटतो, पण कला शाखेतून बारावी झालेल्या कितीतरी मुली याच रस्त्याने सिस्टर झाल्या आणि पुढे शिक्षिकाही झाल्या.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो: सीईटीचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत. परीक्षा दिली, गुण आले आणि कॉलेजचा फोन येईल म्हणून मुलं वाट बघत बसतात. निकालानंतर केंद्रीय प्रवेश फेरीसाठी पुन्हा ऑनलाइन नोंदणी करावी लागते, कागदपत्रं अपलोड करावी लागतात, कॉलेजांचा प्राधान्यक्रम भरावा लागतो. तारीख टळली तर गुण चांगले असूनही हात रिकामे. सायबर कॅफेत अर्ज भरून घेणार असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याच्या नंबरवर ओटीपी गेला आणि पुढे लॉगिनच उघडेना, असं होऊ देऊ नका.

आता कागदपत्रं. दहावीचं गुणपत्रक आणि बोर्ड सर्टिफिकेट, बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सीईटीचं हॉलतिकीट आणि गुणपत्रक, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, फोटो. ही यादी प्रत्येकाची. दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र. राज्याच्या कोट्यासाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी मात्र बारावीच्या वर्षातच कामाला लागावं. जातीचा दाखला तहसीलमधून, प्रांत कार्यालयातून मिळतो आणि तो बहुतेकांकडे असतो. अडतं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे जिला नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात ती. ती जिल्हा जात पडताळणी समितीकडून येते. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग शाळेच्या पत्रासह प्रत जमा करायची. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी जोडाव्या लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीपर्यंत शोध घ्यावा लागतो. त्यात महिने जातात. जून-जुलैत धावपळ सुरू केली तर फेरी निघून जाते. चुलत्याची किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तीही जोडा, काम हलकं होतं.

नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चपर्यंतच वैध असतं, म्हणून तारीख बघून नवं काढा. ईडब्ल्यूएसमध्ये एक बारीक खाच आहे: केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं लागतं, आणि सेतू केंद्रात सांगितलं नाही तर भलताच नमुना हातात येऊ शकतो. काउंटरवरून उठण्याआधी कागद वाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आधारवर 'सुनिता' आणि दहावीला 'सुनीता' असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. पुढे परिषदेची नोंदणी आणि परदेशी नोकरीचे कागद याच नावाने निघतात.

फीचा विषय. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली. कॉलेजमधला कुणी 'फेरीची वाट बघू नका, आत्ताच सीट पक्की करा' म्हणाला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर या सवलतीचा अर्ज मात्र दरवर्षी आपणच भरायचा, तो आपोआप होत नाही.

बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश झाल्यावर काय शिकायचं असतं? पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन. पुढे जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. मग प्रौढ, बाल, मानसिक आणि सामुदायिक आरोग्य, मिडवायफरी, संशोधन आणि शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातली १०० टक्के हजेरी भरून द्यावी लागते. रात्रपाळीही त्यातच. कॉलेज बघायला जाल तेव्हा एवढंच विचारा: मुलींना प्रात्यक्षिकासाठी कुठल्या रुग्णालयात पाठवता, आणि तिथे खाटा किती भरलेल्या असतात?

लॅबची आणि वॉर्डची गाठ कुठे पडते ते एका ट्यूबवरून सांगते. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असतं, त्याच्या नऊ पट रक्त भरायचं असतं, म्हणून त्यावर खूण असते. सिस्टरने खुणेच्या खाली रक्त सोडलं तर गोठण्याची वेळ खोटीच लांबलेली दिसते आणि टेक्निशियनला नमुना परत पाठवावा लागतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तर जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (हेही रक्त गोठू न देणारं द्रव्य) पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं येतं, आणि रुग्णाला नसलेल्या आजाराची धावपळ सुरू होते. झाकणांचे रंग, रक्त घेण्याचा क्रम, खाटेपाशीच नाव लिहिणं हे दोन्ही अभ्यासक्रमांत शिकवतात. ते हाताने, रोज, खऱ्या रुग्णावर शिकायचं असतं. व्हिडिओ बघून बोटांना सवय लागत नाही. डीएमएलटीचं कॉलेज निवडताना म्हणूनच रक्तविज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीव आणि रक्तपेढी या विभागांत विद्यार्थी प्रत्यक्ष किती दिवस उभा राहतो, ते सध्याच्या मुलांना फाटकाबाहेर गाठून विचारा.

नर्सिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांचं. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला ५५ टक्के, नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य. पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षण, प्रगत नर्सिंग, संशोधन व संख्याशास्त्र आणि स्पेशालिटीचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, स्पेशालिटीचा दुसरा भाग आणि प्रबंध. प्रबंधाचा विषय पहिल्या वर्षातच ठरवा, कारण नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय रुग्णाला एकही प्रश्न विचारता येत नाही.

इथे खोळंबा होतो तो अनुभव प्रमाणपत्रापाशी. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, रुग्णालयाच्या खाटा, सही-शिक्का हवा. अनुभव बी.एस्सी. झाल्यावर असेल तर तो नोंदणीच्या तारखेनंतरचा मोजला जातो. निकाल लागला आणि नोंदणी आळसात तीन महिने राहिली, तर त्या तीन महिन्यांची नोकरी हिशेबात येत नाही. तेव्हा निकाल हातात पडला की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्या मुली बेळगाव, इंदूर किंवा हैदराबादकडून शिकून इकडे नोकरीला येतात, त्यांनी आधीच्या राज्याच्या परिषदेचं ना हरकत घेऊन इथे नोंदणी करून घ्यावी आणि मगच इथली नोकरी सुरू करावी.