ओझं कुठं बांधायचं? लांब पल्ल्याच्या सायकलीची पार्श्वभूमी

आमचे चुलते दुधाचं रतीब घालायचे. बावीस इंची फ्रेमची, दुहेरी दांडीची सायकल आणि मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी लटकवलेल्या दोन कॅन. एका कॅनमधलं दूध संपत आलं की ते रस्त्यात थांबून दुसरीतलं निम्मं तिच्यात ओतायचे. लहानपणी मला हा उद्योग कळायचा नाही. एकदा मीच सायकल चालवायचा हट्ट धरला, एक कॅन भरलेली आणि एक रिकामी असताना निघालो आणि पांदणीच्या पहिल्याच वळणावर बाभळीत गेलो. दूध सांडलं ते वेगळंच.

आता संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं लांबच्या मुक्कामी सायकल प्रवासाची हौस वाढली आहे. त्याला बाइकपॅकिंग म्हणतात. नवी सायकल घेतली की पहिला प्रश्न येतो तो पिशव्यांचा. कॅरिअर लावायचं की नाही? सीटखाली लांबोडकी पिशवी घ्यायची की दोन बाजूंना दोन? टायर केवढा, गिअर किती? प्रश्न नवे वाटतात, पण मुळात गोष्ट एकच आहे: ओझं कुठं बांधायचं. त्याचं उत्तर दर वेळी रस्त्यानं दिलं आहे, दुकानानं नाही.

सायकल यायच्या कितीतरी आधी दख्खनच्या पठारावर लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून न्यायचे. बैलाच्या दोन्ही कुशींना सारख्या वजनाची गोण. घोड्यावर खुर्जी, माणसाच्या खांद्यावर पडशी. तिन्ही वस्तूंची रचना एकच, मध्ये पाठ आणि दोन्हीकडं कप्पे. सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लावायच्या ज्या पिशव्यांना आज पॅनिअर म्हणतात, ती खुर्जीच. फक्त घोडा बदलला.

पहिली मोठी सायकल सफर मात्र ज्या यंत्रावर झाली त्याला खुर्जी लावायला जागाच नव्हती. टॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो पुढं भलंमोठं चाक आणि मागं चिमुकलं चाक असलेल्या उंच सायकलवर. सामान काय, तर हँडलवरच्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट आणि एक पिस्तूल. रेनकोट हाच तंबू, हेच अंथरूण. अमेरिका, युरोप, इराण करत तो १८८६ मध्ये लाहोरहून ग्रँड ट्रंक रस्त्यानं कलकत्त्यापर्यंत आला. कमी सामान ही आज मिरवायची गोष्ट झाली आहे. स्टीव्हन्सला दुसरा इलाजच नव्हता.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीनं दोन जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली रोव्हर सायकल आणली आणि १८८८ मध्ये डनलपनं हवेचा टायर. १८९०च्या दशकात फ्रेमचा आकार ठरून गेला तो आजपर्यंत फारसा हललेला नाही. त्या आकारानं सायकलच्या मधोमध एक रिकामा त्रिकोण तयार झाला. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरत गावोगाव हिंडणाऱ्या मजुरांनी तो लगेच भरला. त्रिकोणात पिशवी, हँडलला वळकटी. १८९७ च्या जून-जुलैत अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्याबरोबर मोंटानातल्या फोर्ट मिसूलाहून सेंट लुईसला सायकलवर गेले. सुमारे १९०० मैल, ४१ दिवस. त्यांच्याही फ्रेमच्या त्रिकोणात पेटी आणि हँडलवर घोंगडी-तंबूची गुंडाळी होती. मोंटानातल्या चिकणमातीनं त्यांची चाकं जाम झाली, तेव्हा त्यांना सायकली ढकलाव्या आणि उचलाव्या लागल्या. हे वाचताना मला आमचं शिवार दिसतं. आज हजारोंच्या घरात विकली जाणारी फ्रेम बॅग आणि हँडल रोल ही जोडी सव्वाशे वर्षांची आहे, आणि ती पहिल्यांदा वापरली ती रस्ता नसलेल्या लोकांनी.

जिथं रस्ते चांगले झाले तिथं सामान मागं सरकलं, कॅरिअरवर बसलं. आपल्याकडं लांबच्या सफरीचं सगळ्यात मोठं नाव मुंबईच्या पारशी तरुणांचं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण निघाले. वाटेत तिघं गळाले आणि आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ रोजी जगाला वळसा घालून मुंबईत परत आले. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण आणि इराकची वाळवंटं त्यांनी बिनगिअरच्या सायकलींवर पार केली. गिअर बदलणारी यंत्रं तेव्हा फ्रान्समध्ये होती, पण टूर द फ्रान्स शर्यतीतसुद्धा अशा यंत्राला, म्हणजे डिरेलरला, मुभा मिळाली ती १९३७ मध्ये.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९०० च्या आसपास सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज सुरू झाली होती, पण स्टेशनापासून गाव म्हणजे बैलगाडी नाहीतर पाय. सायकल सामान्य घरात आली ती स्वातंत्र्यानंतर, देशी कारखाने उभे राहिल्यावर. सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो सायकल १९५६ ची. साचा मात्र जुन्या इंग्रजी रोडस्टरचाच: लोखंडी नळ्या, सळईचे ब्रेक, २८ इंची चाकं, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. हा आकडा मला नेहमी शहाणपणाचा वाटतो. ओझं मागं येतं म्हणून तारा मागं जास्त. आजच्या महागड्या सायकलींना दोन्हीकडं सारख्याच तारा असतात, आणि लांबच्या प्रवासात भरल्या सायकलीची तार तुटली तर ती बहुतेक मागचीच असते.

या रोडस्टरवर मराठवाड्यानं काय वाहिलं नाही? दूध, कडब्याच्या पेंढ्या, दळण, पोस्टाच्या थैल्या, दुष्काळात पाण्याच्या घागरी. ते बांधायला दोरी नव्हे, तर जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. पंक्चरच्या दुकानात त्या फुकट मिळायच्या. ताणून बांधली की ढिली पडत नाही, खड्ड्यात आपटलं तरी सुटत नाही. आता परदेशी बनावटीचे ताणणारे पट्टे विकायला आहेत, चांगलेही आहेत. पण मी अजून ट्यूब वापरतो. तिला तोड मला सापडलेली नाही.

रोडस्टरनं एक घोळही मागं ठेवला आहे आणि तो सायकल सजवणाऱ्यानं घर सोडण्यापूर्वी समजून घ्यावा असा आहे. गावातल्या दुकानात जो २८ चा टायर मिळतो त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या सायकलींवर २९ किंवा ७०० सी लिहिलेलं असतं, त्यांची रिम ६२२ मिलिमीटरची. म्हणजे अठ्ठावीसची रिम एकोणतीसपेक्षा मोठी! आकडे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे, तेही जुन्या काळच्या अंदाजाचे. तेरा मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण टायर बसत नाही तो नाहीच. २६ इंची रेंजर सायकलींच्या रिमा ५५९ मिलिमीटरच्या, आणि त्यांचे टायर तालुक्याला हमखास मिळतात. म्हणूनच आडवाटेनं देशोदेश फिरणारे लोक फार दिवस २६ इंचाला धरून होते. एकोणतीसची चाकं खड्ड्यांवरून सहज जातात हे खरं. पण किनवटच्या पुढं टायर फाटला तर काय, याचं उत्तर पिशवीत घडी करून ठेवलेलं असावं लागतं. व्हॉल्व्हचंही तसंच. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर बोटाच्या पेराएवढा पितळी ॲडॉप्टर जवळ ठेवावा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो.

बाइकपॅकिंग हा शब्द नॅशनल जिओग्राफिकच्या मे १९७३ च्या अंकात अलास्का आणि कॅनडातून केलेल्या सायकल प्रवासावरच्या लेखाच्या मथळ्यात दिसतो. तो प्रवास करणाऱ्याच मंडळींनी १९७६ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी बाइकसेंटेनिअल सफर घडवली. सुमारे चार हजार लोक त्यात होते. पण गंमत अशी, की शब्द नवा आणि सामान जुन्याच पद्धतीनं: कॅरिअर आणि खुर्ज्या. १९८२ मध्ये जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीब यांनी ट्रकच्या ताडपत्रीच्या कापडातून पावसात न भिजणाऱ्या पिशव्या बनवायला सुरुवात केली. पावसातून जाणारा ट्रक पाहून आपल्यापैकी कुणालाही हे सुचायला हरकत नव्हती. असो.

कॅरिअर खरोखर उतरलं ते बर्फात. १९८७ मध्ये अलास्कात इडिटाबाइक ही हिवाळी शर्यत सुरू झाली. भुसभुशीत बर्फात रुतू नये म्हणून तिथल्या लोकांनी दोन रिमा शेजारी जोडून रुंद चाकं केली, आजचे फॅट टायर त्यातून आले. सायकल उचलायची, ढकलायची, आपटायची म्हटल्यावर कॅरिअरचे नटबोल्ट सैल होतात आणि बाजूच्या खुर्ज्या पायात येतात. म्हणून सामान पुन्हा सायकलच्या रेषेत आलं: त्रिकोणात, सीटखाली, हँडलवर. पुढं कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत डोंगरकण्याच्या कच्च्या वाटा जोडणारा सुमारे ४,४०० किलोमीटरचा ग्रेट डिव्हाइड मार्ग आखला गेला. २००८ पासून त्यावर टूर डिव्हाइड ही विनामदत शर्यत होऊ लागली आणि तिथल्या सायकलींचे फोटो पाहून जगानं कॅरिअर काढून टाकलं. आपल्याकडची फॅशन तिथून आली आहे.

मराठवाड्यात हे सगळं आहे तसं उचलावं का? मला नाही वाटत. धुळे-सोलापूर महामार्गानं संभाजीनगर, बीड, तुळजापूर करत जाणाऱ्याला कॅरिअर आणि दोन खुर्ज्या पुरतात, स्वस्त पडतात, आणि मुक्कामी उतरवून खोलीत नेता येतात. (समृद्धी महामार्गाचा विचारही करू नये, तिथं दुचाकीलाच मनाई आहे.) सीटखालच्या लांब पिशवीत जड वस्तू भरली, की चढावर उभं राहून पायडल मारताना ती म्हशीच्या शेपटीसारखी हलते. पहिल्या सफरीत मी तिच्यात हत्यारं आणि चार्जर कोंबले होते. मांजरसुंब्याचा घाट चढताना मागून कुणीतरी ओढतंय असंच वाटत होतं. जड ते त्रिकोणात तळाला, पाना, ट्यूबा, पाणी. हलकं आणि फुगीर ते मागं. चुलत्यांच्या कॅनचा हिशोब तोच होता.

घाटाचा विषय निघालाच आहे तर गिअर. रोडस्टरला पुढं ४४ दाते आणि मागं १८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीवर झकास, कन्नडच्या घाटात छाती फुटते. पुढं ३२ आणि मागं ४६ दात्यांचं चक्र असेल तर एका फेऱ्यात जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. हळू, पण बसून. खर्च करायचाच तर आधी इथं करावा, पिशव्या नंतर.

माती आणि काटे हे आपले खरे परीक्षक. काळी माती पाण्यानं फुगते आणि चाकाला लागली की सुटत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ती भरत जाते, चाक थांबतं, मग चिपाडानं उकरत बसा. रुंद टायर घेताना म्हणून तो फ्रेममध्ये मावतो का एवढंच पाहू नये, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा उरते का ते पाहावं. पावसाळ्यात पांदणीसाठी मडगार्ड काढलेलं बरं. आणि शेतकरी पेरणीला थांबतो तसं आपणही थांबावं, वाफसा आल्याशिवाय पांदणीत सायकल घालू नये.

काट्यांची तर देवाणघेवाण झालेली आहे. आपल्या बांधावरचा सराटा अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचला आणि तिथल्या सायकलवाल्यांचा वैरी झाला. तिकडच्या उष्ण मुलखातली वेडी बाभूळ आपल्या नदी-नाल्यांत माजली. सराट्यासाठी ट्यूबलेस टायर आणि आत रबरी द्राव हा उपाय चांगला चालतो, बारीक भोकं चालता चालता बुजतात. बाभळीचा काटा उपसल्यावर चाक लगेच फिरवावं, म्हणजे द्राव भोकापाशी जातो. तरीही एक ट्यूब जवळ असू द्यावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हा द्राव लवकर वाळतो, त्यामुळं मार्चच्या आधी टायर उघडून पाहावा.

आपल्याकडं ग्रेट डिव्हाइडसारखं काही असेल तर ते जायकवाडीच्या कॅनॉलचे रस्ते. धरण १९७६ मध्ये पुरं झालं. पैठणहून डावा कालवा २०८ किलोमीटर जालना-परभणीकडं जातो आणि उजवा १३२ किलोमीटर माजलगावकडं. काठाचा कच्चा रस्ता चढ-उताराशिवाय चालतो, कारण पाण्याला चढ चालत नाही. मुरुम आहे, मध्येच वाहून गेलेला पट्टा आहे, सावली कमी आहे. इथं मात्र त्रिकोणातली पिशवी आणि दोन-सव्वादोन इंची टायर कॅरिअरपेक्षा बरे. पाणी शेजारून वाहत असतं, पण ते पिण्याचं नव्हे आणि बाराही महिने नसतं. माझ्या पुढच्या चिमट्याच्या दोन्ही दांड्यांना लिटर-लिटरच्या बाटल्या असतात, ट्यूबच्या पट्टीनं आवळलेल्या. एक संपत आली की थांबतो आणि दुसरीतलं निम्मं पाणी तिच्यात ओततो.