सिबिल रिपोर्ट फुकट कसा काढायचा, त्यात काय बघायचं आणि चूक सापडली तर तक्रार कुठे करायची

तासगाव असो, विटा असो की कराड-फलटण, कर्जाची फाइल घेऊन बँकेत गेलं की सातबारा बघायच्या आधी साहेब पॅन नंबर मागतात. स्क्रीनकडे बघत ‘तुमचं सिबिल बसत नाही’ म्हणतात आणि फाइल परत येते. साहेबांनी पाहिलेला तो रिपोर्ट, म्हणजे तुमची कर्जं आणि हप्ते कसे फेडले याची नोंद, बघायचा हक्क तुम्हालाही आहे, तोही फुकट. ‘सिबिल काढून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात त्यासाठी पैसे मोजायची काही गरज नाही.

आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण अशा नोंदी ठेवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून या प्रत्येक कंपनीला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट (परतफेडीवरून दिलेले गुण), मोफत द्यावा लागतो. चारही एकाच दिवशी काढून मोकळं होऊ नका. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये उरलेले दोन, असं केलं की वर्षभर लक्ष राहतं आणि खिशाला तोशीस नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. थोड्या दिवसांत चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र त्याचा परिणाम होऊ शकतो.

पात्रता अशी काही खास नाही. कधीही बँकेचं, फायनान्स कंपनीचं किंवा बचत गटाच्या मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं असेल, क्रेडिट कार्ड असेल, दुकानातून हप्त्यावर मोबाइल उचलला असेल, तर तुमची नोंद बहुधा झालेली असते. काहीच घेतलेलं नसेल तर ‘इतिहास नाही’ असा शेरा येतो. तेवढ्यावरून पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पतसंस्थेतलं कर्ज मात्र रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं वेळेत फेडलेले हप्तेही इथे मोजले जात नाहीत.

कागदपत्रांत पॅन कार्ड महत्त्वाचं. त्याशिवाय जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर लागतो. खरी अडचण या मोबाइलपाशीच येते. कर्ज घेताना मुलाचा किंवा शोरूममधल्या माणसाचा नंबर लिहिलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि आपण वाट बघत बसतो. आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. ऑनलाइन जमतच नसेल तर अर्ज भरून, पॅन आणि पत्त्याच्या पुराव्याच्या सही केलेल्या प्रती जोडून टपालानेही मागता येतो. कंपनीच्या वेबसाइटवर पैसे भरायचे प्लॅन ठळक दिसतात, तिकडे न वळता वर्षातून एकदाचा मोफत रिपोर्ट शोधा. पेमेंट ॲपवरही स्कोअर फुकट दिसतो. त्याबदल्यात कर्जाच्या जाहिराती सुरू होतात, म्हणून संमतीचा मजकूर वाचल्याशिवाय टिकमार्क करू नका.

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी स्कोअर बघतात. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. माझ्या मते तो शेवटी बघावा. आधी प्रत्येक खात्याखालची महिन्यांची चौकट बघा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये तिथे ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकलं नव्हतं, ‘०३०’ असेल तर हप्ता तीस दिवस उशिरा होता, आणि तीन फुल्या असतील तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही.

मग खातं आपलंच आहे का ते तपासा. आपल्याकडे हे फार गरजेचं आहे. एकाच गावात नाव तेच, आडनाव पाटील, पिनकोड एक आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, अशी दोन माणसं सहज सापडतात. एकाचं थकलेलं दुचाकीचं कर्ज दुसऱ्याच्या माथी बसू शकतं. जामीन राहिलेली कर्जंही यात दिसतात. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला सही दिलेली विसरला असाल, तर इथे आठवेल.

एकरकमी परतफेड योजनेत काही रक्कम सोडून कर्ज मिटवलं असेल तर खात्यापुढे ‘सेटल्ड’ येतं, ‘क्लोज्ड’ नव्हे. ही बँकेची चूक नसते, त्यामुळे तक्रार करून उपयोग नाही. उरलेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेशी बोलून, ती भरून, बेबाकी दाखला (काही देणं बाकी नसल्याचा कागद) घ्या आणि नोंद बदलायला लावा. पूर्ण फेडूनही खातं चालू दिसत असेल, तर ती चूक.

चुकीसाठी त्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते. रिपोर्टवरचा नंबर, खातं आणि नेमकं काय चुकलं ते लिहा, बेबाकी दाखला हाताशी ठेवा. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, म्हणून त्याच दिवशी बँकेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बँकेला २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवावी लागते आणि सगळं मिळून ३० दिवसांत निकाल लागावा लागतो. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही तरतूद रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकातली आहे. तक्रारीची तारीख सिद्ध करायला पोच लागते, ती जपून ठेवा.

त्याच महिन्यातल्या दुसऱ्या परिपत्रकामुळे कोणी वित्तसंस्थेने तुमचा रिपोर्ट उघडला की एसएमएस किंवा ईमेल येतो. आपण कुठे अर्जच केला नसताना असा मेसेज आला, तर आपल्या पॅनवर दुसरं कोणी कर्ज मागतंय का ते लगेच बघा. आणि ‘आठ दिवसांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. खरी थकबाकी पैसे घेऊन पुसता येत नाही.

महिना उलटूनही उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरून बँकेची पोच आणि रिपोर्टची प्रत जोडायची. काही अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारता येतं.