सोन्याची घड्याळकेस: सराफ कट्ट्यापासून लेथपर्यंत

खिशातल्या घड्याळांच्या काळात यंत्र एका कारखान्याचे आणि केस, म्हणजे बाहेरचे कवच, दुसऱ्याची असे. अमेरिकेत यंत्रांचे आकार क्रमांकांनी ठरलेले होते. गिऱ्हाईक यंत्र निवडी आणि त्या मापाची सोन्याची किंवा चांदीची केस वेगळी घेई. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने केस बनवण्याचा धंदा 1967 पर्यंत चालवला. पण 1926 मध्ये रोलेक्सची आटे पाडलेली, पाणी न शिरणारी ऑयस्टर केस आली आणि पुढे मनगटी घड्याळाच्या केसचे काम शतांश मिलिमीटरवर गेले. तिथे केवळ घडाईचा हात पुरत नाही.

आपल्याकडे जानेवारी 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरटहून चोख दागिने घडवण्यावर बंदी आणली. ती अट 1966 मध्ये सुटली, नियंत्रणाचा कायदा मात्र 1990 पर्यंत राहिला. सोनार कसेबसे दागिन्यांवर तगले.

सोलापुरात सोन्याची केस करून घ्यायची तर दुसरी बाजू, लेथकामाची, मजबूत आहे. पहिली कापडगिरणी 1877 ची. गिरण्यांची वर्कशॉपे आणि नंतर यंत्रमागाचे सुटे भाग यांवर इथले टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, तयार झाले. आज एमआयडीसीत मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात. म्हणजे मायक्रोमीटर धरणारा हात गावातच आहे. त्याने सोने कापलेले नसते, एवढेच.

म्हणून काम सोनार आणि टर्नर या दोघांत वाटावे. आधी पितळेची केस लेथवर करून घ्या. उदाहरणार्थ, युनिटास 6497 या स्विस यंत्राचा व्यास 36.6 मिमी, उंची 4.5 मिमी. यंत्र, काच आणि चावी पितळेत बसल्याशिवाय सोन्याला हात लावू नये. धातू 18 कॅरट घ्यावा. 22 कॅरट मऊ पडतो, मागच्या झाकणाचे आटे लवकर झिजतात.

42 मिमी व्यासाची, 12 मिमी जाडीची भरीव चकती 18 कॅरटमध्ये सुमारे 260 ग्रॅम भरते. आतून 35 मिमी पोकळ कडे केले (यंत्रापुरती जागा नंतर लेथवर वाढवायची) तर 80 ग्रॅमच्या आसपास. तेव्हा सोनाराकडून कडे ठोकून घडवून घ्या आणि टर्नरकडे फक्त शेवटची मापे द्या. ओतीव कड्यात वायूची छिद्रे राहतात आणि ती पॉलिशच्या वेळी, सगळी मेहनत झाल्यावर, वर येतात. पट्ट्याचे कान डाख लावून जोडले तर तापलेला भाग नरम होतो. ते अखंड धातूतूनच काढलेले बरे, सोने जास्त लागले तरी.

लेथ आधी पूर्ण झाडून, खाली स्वच्छ ट्रे ठेवून, कूलंट गाळून घ्यावे. सोन्याचा कीस लोखंडात मिसळला की तो सोने वेगळे करायला गाळणीला पाठवावा लागतो, आणि भांडण हमखास घटीवरूनच, म्हणजे कमी भरलेल्या वजनावरूनच, होते. कडे, तयार केस आणि कीस यांची वजने दोघांसमोर लिहून ठेवा.

जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, पण घड्याळे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे केसवर शिक्का आपोआप येणार नाही. कड्याचा कस कापण्याआधीच तपासून घ्यावा.