हॉटेलात सापडलेलं चर्च आणि हॉटेलनं बांधलेलं चॅपेल

अथेन्सच्या मित्रोपोलेओस रस्त्यावर इलेक्ट्रा मेट्रोपोलिस नावाचं मोठं हॉटेल आहे. त्याच्या खालच्या खांबांमध्ये एक बुटकं, जुनाट चर्च बसलेलं दिसतं. वर हॉटेलचं छत, आत मेणबत्त्यांचा उजेड. नवख्याला वाटतं, हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांसाठी हौसेनं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधलंय.

प्रकरण उलटं आहे. ‘आगिया दिनामी’ हे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्व युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचं, चर्च ऑटोमन काळातलं, सोळाव्या शतकातलं. गेल्या शतकात तिथं सरकारी इमारत उभी करायची ठरली, तेव्हा चर्च पाडण्याऐवजी इमारतच खांबांवर उचलून त्याच्या डोक्यावरून नेली. आधी तिथं शिक्षण मंत्रालय होतं, २०१६ पासून हॉटेल आहे. बल्गेरियाची राजधानी सोफिया इथलं सेंट जॉर्जचं लालविटी गोल चर्च याच जातीचं, फक्त वयानं फार मोठं: चौथ्या शतकातलं. मधल्या काळात त्याची मशीद झाली, भिंतींवरची चित्रं गिलाव्याखाली गेली, विसाव्या शतकात ती पुन्हा उघडी केली. आज ते बाल्कन हॉटेल आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय यांच्यामधल्या चौकात उभं आहे. हॉटेल उद्या बंद पडलं तरी या दोन्ही चर्चना फरक पडणार नाही.

ग्रीक बेटांवरच्या रिसॉर्टमधलं पांढरंशुभ्र, निळ्या घुमटाचं चॅपेल ही वेगळी गोष्ट. ते मालकानं बांधलेलं. त्यात खोट काही नाही. ग्रीसमध्ये शेतात, डोंगरावर, घराच्या आवारात खासगी चॅपेल बांधायची रीत जुनीच आहे. पण घुमट आणि क्रूस लावले म्हणून तिथं ‘लिटर्जी’, म्हणजे ऑर्थोडॉक्स पंथाची मुख्य उपासना, होऊ शकत नाही. त्यासाठी स्थानिक बिशपची परवानगी हवी, आणि वेदीवर ‘अँटिमिन्स’ हवं. हे एक चौकोनी कापड: त्यावर ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र, आत शिवलेला संताच्या अस्थींचा कण, आणि खाली बिशपची सही. ते नसेल तर पाद्री उपासना मांडत नाही. माझ्या मते खरा फरक या कापडात आहे, वास्तूच्या वयात नाही. कालपरवा बांधलेल्या चॅपेलच्या वेदीवरही ते असेल, तर ते पुरतं देवाचं घर.

काही ‘चॅपेलं’ मात्र निव्वळ फोटोसाठी असतात. ओळखायची एक सोपी खूण: ऑर्थोडॉक्स वेदी परंपरेनं पूर्वेला असते. जिथं वधूवरांना थेट मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभं करतात, तिथं शंका घ्यायला जागा आहे. (सांतोरिनी या ग्रीक बेटावरच्या सूर्यास्ताचं वेड आपल्याकडेही पोचलंय, म्हणून सांगितलं.)

लग्नाचा मुद्दा इथं अडतो. ऑर्थोडॉक्स लग्नासाठी वधूवरांपैकी एकजण तरी ऑर्थोडॉक्स असावा लागतो, दुसरा निदान बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती. शिवाय ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात लग्नं लागत नाहीत. बाकीच्यांसाठी ग्रीसमध्ये १९८२ पासून नोंदणी विवाहाची सोय आहे. तो चॅपेलच्या अंगणात झाला तरी धार्मिक ठरत नाही. आणि वेदी, परवानगी सगळं असलेल्या हॉटेलच्या चॅपेलातही काही बिशप लग्न लावू देत नाहीत. गावातल्या चर्चमध्ये या म्हणतात. म्हणून पॅकेजचे पैसे भरण्याआधी हॉटेलला नव्हे, तिथल्या बिशपच्या कार्यालयाला विचारावं.