जॅनिस ('फ्रेंड्स' मालिकेतील पात्र)

जॅनिस : 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेतील चँडलर बिंग याची वारंवार परत येणारी प्रेयसी. पूर्ण नाव जॅनिस लिटमन-गोरालनिक, माहेरचे आडनाव होझेनस्टीन. ही भूमिका मॅगी व्हीलर यांनी केली. मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन यांनी निर्माण केलेली ही मालिका २२ सप्टेंबर १९९४ ते ६ मे २००४ या काळात एनबीसी वाहिनीवर झाली. तिची दहा पर्वे आणि २३६ भाग आहेत. जॅनिस चँडलर, मॉनिका, रॉस, रेचल, जोई आणि फीबी या सहा मुख्य मित्रांपैकी नाही, पण दहाही पर्वांत एकदा तरी डोकावते. सहाव्या पर्वात तर फक्त आवाजाने.

प्रेक्षकांना ती आठवते ती दोन गोष्टींसाठी. एक, तुकडे पाडून उच्चारलेले "ओ... माय... गॉड!" आणि दुसरे, तिचे ते नाकातून फुटणारे, खटखट तुटत जाणारे हसू. पण तिच्या आणि चँडलरच्या जमण्या-तुटण्याचा हिशेब नीट मांडला, तर या पात्राविषयीचा सर्वसाधारण समज उलटा पडतो. जॅनिस म्हणजे 'पिच्छा न सोडणारी बाई' असे मानले जाते. प्रत्यक्षात पहिल्या तीन पर्वांत ती एकदाही आपणहून चँडलरचे दार वाजवत नाही. एकतर तोच तिला बोलावतो, नाहीतर योगायोग दोघांना समोरासमोर आणतो.

आवाज आणि हसू

व्हीलर यांचा जन्म १९६१ सालचा, न्यूयॉर्कचा. या मालिकेत त्यांनी आधी मॉनिकाच्या भूमिकेसाठी चाचणी दिली होती. ती भूमिका कोर्टनी कॉक्स यांच्याकडे गेली आणि व्हीलर यांच्या वाट्याला एका भागापुरती, चँडलरने सोडून द्यायची मैत्रीण आली. न्यूयॉर्कच्या उपनगरांत ऐकू येणारा सानुनासिक, स्वर ओढून बोलण्याचा ढंग त्यांनी तिला दिला. याच काळात 'द नॅनी' या मालिकेमुळे फ्रॅन ड्रेशर यांचा तसाच आवाज घरोघरी पोचलेला होता. त्यामुळे जॅनिसची भूमिका ड्रेशर यांनीच केली, असे समजणारे प्रेक्षक आजही भेटतात.

हसण्याचा उगम मात्र अगदी व्यावहारिक आहे. चँडलर साकारणारे मॅथ्यू पेरी तालमीत इतके हसवत की चित्रीकरण चालू असताना आपल्याला हसू आवरणार नाही, हे व्हीलर यांच्या लक्षात आले. मग त्यांनी पात्रालाच एक हसू देऊन टाकले. आता खरोखर हसू फुटले तरी ते जॅनिसचेच ठरणार! त्यांनी मुलाखतींतून ही हकिकत अनेकदा सांगितली आहे. अभिनयाच्या दृष्टीने ती मोलाची वाटते, कारण जे हसू पुढे चेष्टेचा विषय झाले, ते मुळात सहकलाकाराच्या विनोदाला मिळालेली दाद होती.

'फ्रेंड्स'चे बहुतेक चित्रीकरण बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे होत असे. अशा मालिकेत अधूनमधून येणाऱ्या पात्राला एक ठाशीव खूण लागते. सहा महिन्यांनी परत आले तरी पहिल्या क्षणी ते ओळखू यायला हवे. जॅनिसची खूण कानाला कळणारी आहे. त्यामुळे लेखकांना तिचा चेहरा दाखवण्याआधी नुसता आवाज सोडता येतो. आवाज येतो, चँडलरचा चेहरा पडतो, प्रेक्षागृह हसते आणि मग ती दिसते. हा क्रम मालिकेने पुन्हापुन्हा वापरला आणि तो फारसा शिळा झाला नाही.

पहिले पर्व : चार महिन्यांत तीनदा

२० ऑक्टोबर १९९४ रोजी दाखवलेल्या पाचव्या भागात जॅनिस पहिल्यांदा येते. चँडलरला तिच्याशी संबंध तोडायचे आहेत आणि फीबीलाही तिच्या मित्राशी. दोघे एकाच वेळी, एकाच कॉफीच्या दुकानात हे उरकायचे ठरवतात. फीबीचे काम एका मिठीत होते. चँडलर मात्र धीर गोळा करण्यासाठी एस्प्रेसोवर एस्प्रेसो रिचवत राहतो. समोर जॅनिस त्याच्यासाठी आणलेले मोजे काढून दाखवते. त्यांवर बुलविंकल या कार्टूनमधल्या मूसचे (मोठ्या हरणाचे) चित्र असते. त्याच्याकडे रॉकी या खारीचे मोजे आधीपासून आहेत हे तिने लक्षात ठेवलेले असते आणि आता एका पायात हा, दुसऱ्या पायात तो असेही घालता येतील, हा विचारही केलेला असतो. कॉफीने तरारलेल्या चँडलरचा हात चुकून तिच्या डोळ्याला लागतो आणि शेवटी फीबीच मध्ये पडून प्रकरण मिटवते.

त्या मोज्यांवर थांबायला हवे. प्रसंग विनोदी आहे, पण लेखकांनी त्यात जॅनिसचा स्वभाव पुरता सांगून टाकला आहे. समोरच्याकडे काय आहे, त्याला काय आवडते, याकडे तिचे लक्ष असते. ती मोठ्याने बोलते एवढाच तिचा दोष.

डिसेंबरमध्ये नववर्षाच्या पार्टीला कोणीच जोडीदार आणायचा नाही, असा करार चँडलर स्वतःच सुचवतो आणि स्वतःच मोडून जॅनिसला बोलावतो. त्याच पार्टीत तो तिला पुन्हा सोडतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये व्हॅलेंटाइनच्या संध्याकाळी जोई त्याला एका अनोळखी मुलीच्या भेटीला नेतो. ती मुलगी जॅनिस निघते. रात्र एकत्र जाते आणि चँडलर तिसऱ्यांदा तुटायची भाषा करतो. यावेळी ती रडत नाही. प्रत्येक वेळी तूच मला शोधत येतोस, तुझ्या आतले काहीतरी मला हाका मारते आणि ते तुला अजून कळलेले नाही, असे ती त्याला ठणकावून सांगते. प्रेक्षक हसतात. पुढच्या पर्वांनी तिचे म्हणणे अक्षरशः खरे ठरवले.

हेकल्सच्या खोलीतला धडा

दुसऱ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात खालच्या मजल्यावरचे तिरसट शेजारी हेकल्स वारतात. त्यांच्या सामानात चँडलरला जुन्या नोंदी सापडतात. एक मुलगी फार उंच म्हणून नाकारलेली, एकीच्या हिरड्या मोठ्या म्हणून. चँडलरला त्यात स्वतःचे म्हातारपण दिसते आणि घाबरून तो जॅनिसला फोन करतो. ती येते, पण पोट पुढे आलेले. लग्न झालेले असते, मूल होणार असते. हे फोनवर सांगता आले असते, पण तुझा चेहरा बघायची संधी कोण सोडणार, असे ती हसत म्हणते. तीन वेळा नाकारल्या गेलेल्या बाईला मालिकेने दिलेला हा एक न्याय्य क्षण आहे.

चँडलरच्या भीतीचे मूळ मालिकेने आधीच सांगून ठेवले होते. तो नऊ वर्षांचा असताना, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणाच्या टेबलावर, आईवडिलांनी घटस्फोटाचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे कोणी जवळ येऊ लागले की तो आधी खोडी काढतो आणि मग पळ काढतो. जॅनिसचा आवाज ही त्याला सापडलेली सर्वांत सोयीची सबब होती.

१९९६ : खरे प्रेम

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, मे १९९६ मध्ये, चँडलर संगणकावरून एका अनोळखी विवाहितेशी गप्पा मारत असतो. चेहरा नाही, आवाज नाही, फक्त शब्द. तो तिच्या प्रेमात पडतो. ती भेटायला येते, आणि ती जॅनिस असते. मालिकेच्या संपूर्ण कथाभागात ही सर्वांत हुशार खेळी म्हणावी लागेल. आवाज वजा केल्यावर या दोघांत काय उरते, हे लेखकांनी एकाही भाषणाशिवाय दाखवून दिले. इंटरनेटवरच्या गप्पा तेव्हा बहुतेक घरांत नवलाच्या होत्या, हेही लक्षात घ्यावे.

तिसऱ्या पर्वाचे पहिले काही भाग, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर १९९६, हा या नात्याचा एकमेव स्थिर काळ. त्यात अडचणी येतात, पण त्या कुठल्याही जोडप्याच्या अडचणी आहेत. जोईला तिचे हसू सोसवत नाही. तिला हे कळल्यावर ती रागावून बसत नाही, तर जोईबरोबर अख्खा दिवस भटकण्याचा बेत आखते, केवळ चँडलरच्या मित्राशी आपले जमावे म्हणून. चँडलरला झोपताना मोकळी जागा हवी असते आणि रॉसने शिकवलेली मिठी मारून कूस बदलण्याची युक्ती फसते. पुढे त्याला पुन्हा बंधनाची धास्ती वाटते. पण यावेळी तो पळून न जाता उलट टोकाला जातो आणि एकदम एकत्र राहण्याच्या गोष्टी करू लागतो. ते ऐकून जॅनिसच बिचकते. ज्याला जवळीक कधी जमलीच नव्हती, तो ती अडखळत शिकताना दिसतो. चँडलरच्या वाढीची सुरुवात पुढे त्याची बायको झालेल्या मॉनिकापासून झाली असे म्हणतात. त्या वाढीचे पहिले धडे इथले आहेत.

नोव्हेंबरमध्ये मॉनिका पलंग घ्यायला 'मॅट्रेस किंग' म्हणून जाहिरात करणाऱ्या दुकानात जाते. तो गाद्यांचा राजा म्हणजे जॅनिसचा होऊ घातलेला माजी नवरा. तिथे जोई त्या दोघांना चुंबन घेताना पाहतो आणि ही गोष्ट चँडलरपासून लपवणे त्याला जड जाते. कळल्यावर चँडलर कोसळतो. जॅनिसची ओढ दोन्हीकडे आहे, घरात लहान मूल आहे. तुटलेल्या घरात वाढणे म्हणजे काय, हे चँडलरइतके त्या टोळीत कोणाला ठाऊक नाही. म्हणून तो तिला संसार वाचवायला जा असे सांगतो आणि लगेच ते त्याला झेपत नाही. कॉफीच्या दुकानात तो तिला धरून ठेवतो. ती निघून जाते तेव्हा तिचा एक बूट त्याच्या हातात राहतो.

तोवर चार वेळा जमून तुटलेल्या या जोडीला आपल्याकडचे 'तुझे माझे जमेना, तुझ्यावाचून करमेना' हे शब्द तंतोतंत लागू पडतात, पण शेवटच्या वेळी तुटले ते न जमल्यामुळे नव्हे. एका मुलाचे आईवडील एकत्र राहावेत म्हणून चँडलरने स्वतःचे सुख बाजूला ठेवले. हसवण्यासाठी आणलेल्या पात्राला इतकी गंभीर अखेर मिळाली, हे लेखकांचे धाडस होते.

नंतरच्या भेटी

यानंतर मालिकेने जॅनिसला पुन्हा मूळच्या जागी, विनोदाच्या जागी नेऊन ठेवले. चौथ्या पर्वात, फेब्रुवारी १९९८ मध्ये, नखे करून घ्यायच्या दुकानात गाठ पडल्यावर चँडलर तिला टाळण्यासाठी आपली बदली येमेनला झाल्याची थाप मारतो. ती निरोप द्यायला थेट विमानतळावर येते आणि विमान सुटेपर्यंत हलत नाही, म्हणून त्याला खरेच तिकीट काढावे लागते. प्रसंग अतिशय गाजला. तरी १९९६ चा तो बूट आठवणाऱ्याला त्यात थोडे खटकते. ज्या बाईसाठी तो रडला होता, तिला चुकवायला तो देश सोडायला निघतो, याचे पुरेसे कारण मालिका देत नाही.

जानेवारी १९९९ मध्ये घटस्फोटाने खचलेला रॉस तिच्याबरोबर काही दिवस फिरतो. त्याचे रडगाणे असह्य होऊन जॅनिसच त्याला सोडते. सहाव्या पर्वात चँडलरने मॉनिकाला दिलेल्या गाण्यांच्या कॅसेटमधून अचानक जॅनिसचा आवाज येतो, कारण ती कॅसेट मुळात तिनेच त्याला भरून दिलेली असते. २००० मध्ये ती चँडलर-मॉनिकाच्या लग्नाला स्वतःच स्वतःला आमंत्रण देते आणि तिला थोपवण्यासाठी मॉनिका सांगते की, चँडलरच्या मनात तू अजून आहेस. मे २००२ मध्ये रेचलच्या प्रसूतीच्या वेळी त्याच खोलीत जॅनिसही कळा देत असते. तिला मुलगा होतो, ॲरन. दुसरा नवरा सिड गोरालनिक याला ऐकू जवळजवळ येत नाही. हा विनोद तिच्या आवाजावर बेतलेला आहे आणि तो सरळसरळ स्वस्त आहे. नवव्या पर्वात वंध्यत्वाच्या तपासणीला गेलेल्या चँडलरला दवाखान्यात ती भेटते.

भारतातील ओळख

भारतात ही मालिका आधी स्टार वर्ल्ड, पुढे झी कॅफे आणि कॉमेडी सेंट्रल या वाहिन्यांवरून आणि नंतर नेटफ्लिक्सवरून पोचली. ज्यांनी इंग्रजी संवाद कानावर पडून पडून आत्मसात केले, त्या मराठी प्रेक्षकांना न्यूयॉर्कच्या उच्चारांतला बारकावा कळण्याची गरज नव्हती. मोठ्याने बोलणाऱ्या बाईला हसण्याची सवय आपल्याकडेही जुनीच आहे, त्यामुळे जॅनिस लगेच कळली. तिचे चांगुलपण मात्र मालिका दुसऱ्यांदा पाहताना दिसते, निदान प्रस्तुत लेखकाला तरी ते तेव्हाच दिसले.

शेवटचे दर्शन

मालिका संपायला दोन आठवडे उरले असताना, २२ एप्रिल २००४ च्या भागात, चँडलर आणि मॉनिका न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमध्ये घर घेत असतात. शेजारचे घर बघायला आलेली बाई जॅनिस निघते. तिने ते घर घेऊ नये म्हणून चँडलर तिला एकटीला गाठतो आणि आपले तिच्यावर अजून प्रेम आहे, आता शेजारी राहणे सोसवणार नाही, असे सांगतो. चार वर्षांपूर्वी मॉनिकाने मारलेली थाप आता तो स्वतः मारतो. जॅनिसला ती खरी वाटते आणि का वाटू नये? आठ वर्षांपूर्वी ती खरीच होती. दोन संसार मोडतील या विचाराने ती माघार घेते, म्हणजे १९९६ मध्ये चँडलरने तिच्यासाठी जे केले तेच आता ती त्याच्यासाठी करते. त्याचे एक चुंबन घेते आणि घर न घेता निघून जाते.

मे २०२१ मध्ये प्रसारित झालेल्या पुनर्भेटीच्या विशेष कार्यक्रमात व्हीलर प्रेक्षकांसमोर आल्या आणि ते हसू पुन्हा ऐकवले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी मॅथ्यू पेरी यांचे निधन झाले, तेव्हा समाजमाध्यमावर आदरांजली वाहणाऱ्यांत त्याही होत्या. लॉस एंजेलिसमध्ये त्या एक सामुदायिक गायनवृंद चालवतात.